निळ्या रेघांचं ठिगळ

मोठीबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायच्या, आधी त्याच्या अंगावरच्या कापडाकडे. पाहुणा ओसरी चढून आला की एका हाताने पाण्याचा तांब्या पुढे करायच्या आणि दुसऱ्या हाताने त्याच्या बाहीचं टोक चिमटीत धरून बघायच्या. कापड पसंत पडलं की तिथल्या तिथे सांगून ठेवायच्या, "फाटलं की दुसऱ्या कुणाला देऊ नका. माझं हाय." एकदा शेजारच्या घरी मुलगी पाहायला पाहुणे आले होते. सगळे नवरदेवाकडे बघत होते आणि मोठीबाई त्याच्या बापाच्या धोतराकडे. निघताना त्यांनी त्या गृहस्थांना थांबवलं. "पाव्हणं, सोयरीक जमू नाहीतर न जमू, ह्या धोतराचं तेवढं ध्यानात ठेवा." सोयरीक जमली. काही वर्षांनी ते धोतर धुऊन, घडी घालून खरोखर आलं.

मोठीबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं सासर तीर्थपुरीचं, शेतीवाडीचं. सासूबाई लवकर गेल्या. मोठीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा माझे यजमान पाटीवर अक्षरं गिरवत होते. घरात त्यांना बापू म्हणत. बापूंना न्हाऊ घालणं, शाळेत धाडणं, आजारपणात उशाशी बसणं, सगळं मोठीबाईंनीच केलं. त्यामुळे मला त्या अर्ध्या जाऊ आणि अर्ध्या सासू होत्या. त्यांचे यजमान, म्हणजे माझे भासरे, त्यांना सगळे दादा म्हणतात. माझं लग्न झालं ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. बापू जुन्या जालन्यात आडतीवर नोकरीला होते आणि मी एका शाळेच्या कार्यालयात. आम्ही तिथेच बिऱ्हाड केलं. पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की तीर्थपुरी ठरलेली असायची, कारण सुगी आटोपून रान मोकळं झालं की मोठीबाई गोधड्या काढत.

आमच्या घरात अंथरायला गोधडी आणि पांघरायलाही गोधडी. मोठीबाईंची पद्धत अशी: खाली जुनं लुगडं ताणून अंथरायचं, मध्ये विरलेल्या कपड्यांचे थर लावायचे आणि वर ठिगळं. मग चारी कडांपासून धावदोरा घालत आत आत, मध्यापर्यंत यायचं. ठिगळं कशी लावायची हे त्या आधी ठरवत नसत. गाठोडं सोडायचं, हाताला येईल ते उचलायचं, बाजूच्या ठिगळाशेजारी धरून पाहायचं. "नांदतील का दोघं?" असं स्वतःलाच विचारायचं आणि टाका घालायचा. टेरीकॉटवर त्यांचा राग होता. "टेरीकॉट म्हंजे सरकारी पाव्हणा. फाटत न्हाई, जात न्हाई, अन् ऊब बी देत न्हाई." सुती कापडाचा मात्र चोळामोळा झालेला तुकडासुद्धा त्या गालाला लावून बघत.

मला कामाची आखणी लागते. पहिल्याच उन्हाळ्यात मी त्यांचं गाठोडं सोडून बसले. रंगांचे वेगळे ढीग केले, लांब पट्ट्या वेगळ्या, चौकोन वेगळे, आणि प्रत्येक ढीग एकेका पिशवीत भरून वर चिठ्ठी लावली. मोठीबाई दारातून बघत होत्या.

"काय करून राह्यली गं?"

"लावून ठेवतेय. म्हणजे काम लवकर होईल."

"जल्दी कुणाला हाय?" त्या म्हणाल्या. "तुमच्या जालन्यात चिंध्यांना बी शाळा असती का? हजेरी घेती का त्यांची?"

पण पिशव्या त्यांनी मोडल्या नाहीत. पुढच्या वर्षी गेले तर चिठ्ठ्या तशाच होत्या. मोठीबाईंना वाचता येत नव्हतं, पण कोणत्या पिशवीत काय आहे हे त्यांना पाठ होतं. कोणी विचारलं की त्या सांगत, "ही आमच्या मास्तरणीची कपाटं." मी मास्तरीण नव्हते, कार्यालयात टपाल बघायची. हे मी त्यांना सांगितलंही, पण उपयोग झाला नाही.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. ओसरीवर गोधडी अंथरलेली असताना तिच्या कडेला जो टेकेल त्याने सुई हातात घ्यायची. बाई असो, बाप्या असो, लहान असो, थोर असो. माझी मुलगी अक्षरं शिकण्याआधी धावदोरा शिकली. नांगराचा फाळ मागायला आलेला शेजारीसुद्धा दोन वीत टाके घालून गेला होता. दादा तेवढे सुटत. शेतातून आले की ते गोधडीला वळसा घालून भिंतीशी बसत आणि म्हणत, "मला इकडंच च्या दे. तिकडं सुई हाय." मग सगळे हसत. त्या ओसरीवर दुपारभर कोणी ना कोणी बोलत असायचं आणि हात चालू असायचे. माहेरी मला शिवणकामाचा कंटाळा होता. इथे कधी गोडी लागली ते कळलं नाही.

मुलं मोठी होऊ लागली तशी शेताची वाटणी झाली. वाटणी शांतपणे झाली, भांडण नंतर झालं. दोघांच्या बांधावर एक जुनं कडुलिंबाचं झाड होतं. घराची दारं करायला म्हणून दादांनी ते तोडलं आणि बापूंना विचारलं नाही. बापू गावी गेले तेव्हा बांधावर नुसता बुंधा. त्यांनी पारावर, चार माणसांत विचारलं, "दादा, मला एक शब्द इचारायला काय झाल्तं?"

एवढंच. पण दादांना ते लागलं. "ज्याला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, त्यानं मला चारचौघात जाब इचारला," असं ते म्हणाले आणि बोलणं बंद केलं. बापूही तेवढेच हट्टी. "झाडाचं काही नाही, पण मी त्या घरात कोण?" असं मला म्हणाले आणि तीर्थपुरीला जायचे थांबले. दिवाळी आली, गेली. बैलपोळा गेला. दादांना एकदा दवाखान्यात जालन्याला आणलं तर ते दुसऱ्याच नातेवाइकाकडे उतरले.

मोठीबाईंना हे फार जड गेलं. नवऱ्याविरुद्ध बोलायचं नाही, आणि ज्याला लेकरासारखं वाढवलं त्याचं तोंड दिसत नाही. त्या रडल्या नाहीत, कुणाला मध्यस्थीला घातलं नाही. त्यांनी गाठोडं पाठवलं.

आमच्या गल्लीतला एक कापडवाला आठवड्याच्या बाजाराला तीर्थपुरीला दुकान मांडायचा. त्याच्याबरोबर एक दिवस पोतं आलं. आत अर्धी शिवलेली गोधडी आणि निरोप: दोन कडा मी घातल्या, दोन तू घाल. मी घातल्या आणि पुढच्या बाजाराला परत पाठवली. असं सुरू झालं. मी मुलीला घेऊन रविवारी गच्चीवर बसायची. बापू तिथून जाताना गोधडी ओलांडत नसत, वळसा घालत, अगदी दादांसारखे. कापडवाला मात्र वैतागला होता. "भाभी, नया कपडा विकायला घेऊन जातो अन् पुराना घेऊन येतो. ये कैसा धंदा हाय?" मोठीबाई त्याला दर खेपेला भाकरी-ठेचा खाऊ घालत, म्हणून चाललं.

बायका-मुलांच्या जाण्यायेण्याला बंदी नव्हती. पुढच्या मे महिन्यात मी मुलीला घेऊन तीर्थपुरीला गेले. आमची जोडीने शिवलेली गोधडी तेव्हाच पुरी झाली होती. मोठीबाईंनी ती दादांच्या बाजेवर अंथरली. दादा जेवून आले, आडवे झाले, आणि लगेच उठून बसले.

"ह्यात बापूचा शर्ट हाय."

निळ्या रेघांची दोन ठिगळं शेजारी शेजारी होती. मला काही कळलं नाही. मोठीबाई भांडी विसळत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"हाय की. अन् तुमचा बी हाय. एका दिवाळीला एकाच थानातून दोघांना शिवल्ते."

"मी ह्याच्यावर झोपणार न्हाई. त्याचं ठिगळ काढ."

"मी टाका घालती, उसवत न्हाई. तुमाला काढायचं तर काढा."

त्यांनी हात पुसून कात्री आणून बाजेवर ठेवली. दादांना वाटलं नसावं की त्या खरंच आणतील. पण शब्द गेला होता. त्यांनी चष्मा लावला, ठिगळ निरखलं, दुसरं निरखलं आणि डावीकडच्यावर बोट ठेवलं. "ह्यो त्याचा. मला बराबर ध्यानात हाय." मग एकेक टाका तोडत बसले. आम्ही बघत होतो. आमचे टाके बारीक, त्यामुळे वेळ लागला. शेवटी ठिगळ सुटलं, आतलं पांढरं कापड दिसायला लागलं. दादांनी ठिगळ झटकून बाजूला टाकलं.

मोठीबाईंनी ते उचललं, उलटं केलं आणि उजेडात धरलं.

"अवं, ह्ये तर तुमचं हाय! हे बगा. बिडीनं जाळल्तं, मी रफू केल्तं."

दादांनी ठिगळ हातात घेतलं. मागच्या बाजूला खरोखरच बारीक रफू होतं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"मंग बापूचं ह्ये?" त्यांनी दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"मला काय इचारता? तुमाला बराबर ध्यानात हाय ना?"

"तुला माहीत हाय."

"मला सगळं माहीत हाय. पर मी बिलकुल सांगणार न्हाई. ज्याचा शर्ट त्याला बोलवा अन् इचारा."

दादा त्या रात्री उघड्या बाजेवर झोपले. दुसऱ्या दिवशी मी ते ठिगळ परत लावायला घेतलं तर मोठीबाईंनी माझ्या हातातून सुई काढून घेतली. "राहू दे. भोक दिसू दे त्यांना." चार लोक येत, भोक बघत, विचारत. मोठीबाई सगळ्यांना सांगत, "आमच्या मालकांनी सोताचाच शर्ट घराबाहेर काढला." लोक हसत. दादा उठून शेताकडे जात.

जालन्याला आल्यावर मी हे बापूंना सांगितलं. ते जेवत होते. घास हातात तसाच राहिला आणि ते हसायला लागले. "दादानं सोताचाच काढला?" पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. मग म्हणाले, "मला ओळखू येईल माझा कोणता ते."

त्या आठवड्याच्या बाजाराला कापडवाल्याच्या टेम्पोत गोधडीच्या पोत्याऐवजी बापूच बसले. मी मागून संध्याकाळच्या एसटीने पोहोचले, तेव्हा दोघे भाऊ बाजेवर गोधडीच्या दोन कडांना होते. झाडाचा विषय नव्हता, माफीचा नव्हता. विषय शर्टाचा होता.

"ह्यो माझा. माझा असाच धड होता."

"तुझा धड कसा राहील? तू तर त्यो घालूनच हिरीत उड्या मारायचा! ह्यो माझा."

"मंग रफूचा कोणाचा?"

"त्यो बी माझाच म्हन्ती ही!"

"दोन्ही तुझे? मला काय मंग उघडा ठेवल्ता का दिवाळीला?"

मोठीबाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. पदर तोंडाला लावलेला, डोळे भरलेले. हसत होत्या की रडत होत्या ते मला सांगता येत नाही. थोड्या वेळाने त्यांनी दोरा ओवून सुई दोघांच्या मध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "भांडा, पर भोक बुजवत भांडा." दादांनी आयुष्यात पहिल्यांदा सुई धरली. त्यांच्या टाक्यांमध्ये बोट जाईल एवढं अंतर होतं.

त्यानंतर दोन्ही घरं पूर्वीसारखी झाली. पूर्वीसारखी म्हणजे, दिवाळीला रुसवे आणि उन्हाळ्यात गोधड्या.

मोठीबाई जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटी त्यांना बसवत नसे, तरी मी गेले की पिशवी मागून घेत आणि कापडं चाचपत पडून राहत. अशाच एका दुपारी आम्ही दोघीच होतो. मी त्यांना विचारलं, "मोठीबाई, त्या दोन ठिगळांतलं बापूंचं कोणतं होतं? आता तरी सांगा."

"मला काय माहीत माय?"

"म्हणजे? तुम्ही तर रफू ओळखलं होतं. बिडीने जळाल्याचं."

"रफू मीच केल्तं, पर कुणाच्या शर्टाला ते कुठं ध्यानात राहतं? बिडी तर दोघं बी प्यायचे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बापू गोठ्यात लपून प्यायचा. लगनाच्या आधी. तुला बोलला न्हाई का?"

नव्हते बोलले. मोठीबाईंना खोकला येईपर्यंत हसू आलं. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "दोघांना सांगू नको बरं. सांगितलं तर मिटून जाईल. मंग बोलतील काय?"

मी सांगितलेलं नाही. दादा आता थकले आहेत, बापूंचीही नोकरी संपली. मागच्या उन्हाळ्यात मी, माझी मुलगी आणि दादांची सून ओसरीवर नवी गोधडी घालून बसलो होतो. पलीकडे बाजेवर हे दोघे बसले होते, मध्ये चहाच्या दोन बशा. "रफूचा माझाच," दादा म्हणत होते. "सिद्ध कर," बापू म्हणत होते. मी मान खाली घालून टाके घालत राहिले.