जात्यावरचं आयसिंग

मंजुळा घाडी केक शिकली, ती शिवणाच्या वर्गात जागा नव्हती म्हणून. गिरण्यांचा संप फिसकटून वर्ष उलटलं होतं. लालबाग-परळच्या निम्म्या बायकांनी एकदमच शिवण शिकायचं मनावर घेतलं होतं. कामगार केंद्रात शिवणयंत्रं मोजकी आणि दारात ही गर्दी. टेबलापाशी बसलेल्या बाई म्हणाल्या, "केक-बिस्किटांच्या वर्गात दोघीच आहेत. बसता का?" एवढं चालत आलोच आहोत तर रिकाम्या हाताने कशाला जा, म्हणून मंजुळा बसली.

चाळीत ही बातमी तिच्या आधी पोचली. घरात पेजेची मारामार आणि घाडीणबाई निघाल्या केक शिकायला, असं लोक म्हणाले. त्यांचं चुकलं असंही नाही. नवरा रामदास मिलच्या साळखात्यात साचे, म्हणजे माग, चालवायचा, तो संपानंतर घरी बसलेला. दोन पोरं शाळेत. म्हाताऱ्या सासूबाई, राधाबाई, दिवसभर देवापुढे आणि उरलेल्या वेळात सुनेपुढे बडबडत असत. आधी पोटोबा, मग विठोबा असं आपण म्हणतो. त्यात केकला कुठे बसवायचं?

पण वर्गाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी बटर पेपरचा कोन तिच्या हातात दिला आणि गुलाब काढायला सांगितला. बाकीच्या दोघींचे कोबी झाले. मंजुळाच्या हातून गुलाब उतरला. पाकळीवर पाकळी, कडा किंचित बाहेर वळलेल्या. तिने तो पाहिला आणि तिला आनंद झाला. इतका झाला की तिची तिलाच लाज वाटली. घरी सगळे तोंडं पाडून बसलेत आणि आपण साखरेच्या फुलाकडे बघून हसतोय, हे बरं नव्हे असं वाटलं. तरी ती येताना हसतच आली.

पोट भरायला तिने परळच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आयाचं काम धरलं. सकाळी अंधारात जायची, दुपारी यायची. आल्यावर चार घास खायचे, आणि संध्याकाळी नळाला पाणी येऊन घागरींची आदळआपट सुरू होईपर्यंतचा जो वेळ उरेल तो तिचा. बाकीच्या बायका त्या वेळात पाठ टेकत. ही टेकत नसे. गिरणगावात सगळ्यांचं आयुष्य पाळ्यांनी बांधलेलं. त्यामुळे तिच्या या वेळेला चाळीने "मंजुळाची तिसरी पाळी" असं नाव दिलं. आधी टिंगल म्हणून दिलं, पण ते चिकटलं. तेवढ्या वेळात तिच्या दारावर कोणी थाप मारीनासं झालं.

केक भाजायचा वाळूवर. जाड पातेल्यात वाळू, वर डबा, वर झाकण, खाली स्टोव्ह. हे जमलं. अडलं ते पुढे. केकला आयसिंग लावताना तो गोल फिरवावा लागतो, आणि वर्गातलं फिरतं टेबल घरी कुठून आणणार? मंजुळाची नजर कोपऱ्यातल्या जात्यावर गेली. राधाबाईंनी ते दगडी जातं कणकवलीहून बोटीतून आणलेलं, लग्नातलं. मंजुळाने खुंटा उपटून बाजूला ठेवला, वरच्या तळीवर ताट ठेवलं, ताटात केक ठेवला, आणि दळायला बसतात तशी एक पाय लांब करून बसली. बोटाने जरा ढकललं की केक फिरायचा.

"काय गो, ह्यां काय मांडलंस?" राधाबाई म्हणाल्या. "जातां दळूचा, का नाचवूचा?"

"आई, जरा हळूहळू फिरवता का? माझे दोन्ही हात गुंतलेत."

म्हातारी कुरकुरत समोर बसली, तळीवर हात ठेवला, आणि सवयीने तिच्या तोंडात ओवी आली. जातं आणि ओवी तिच्या लेखी वेगळी नव्हतीच. ओवीच्या लयीत केक फिरू लागला आणि मंजुळाच्या कोनातून वेल सुटत गेली, न तुटता, सबंध फेरा पुरा होईपर्यंत. असली एकसारखी नक्षी वर्गातल्या फिरत्या टेबलावरही तिला कधी जमली नव्हती. साखरही त्याच जात्यावर दळायची आणि गिरणीच्या मलमलीतून चाळायची. राधाबाईंची अट एकच होती. केक म्हणजे दुसऱ्याच्या घरचा नैवेद्य, तो पोचायच्या आधी चाखायचा नाही, बोटसुद्धा चाटायचं नाही. मंजुळाने ती अट पाळली.

रामदास हे सगळं गॅलरीत बसून पाहायचा. वाईट माणूस नव्हता. कधी हात उगारला नाही, कधी पिऊन आला नाही. पण गप्प झाला होता. त्याची गोष्ट सांगायलाच हवी. मिलमध्ये तो लागला तो बदली म्हणून. कोणी गैरहजर राहिला तर त्याच्या जागी एक दिवस काम, नाहीतर गेटवरून परत. बदलीचा पास खिशात घालून त्याने कित्येक वर्षं पहाटे गेट गाठलं. कायम झाला तेव्हा चाळीत पेढे वाटले होते. संप मोडल्यावर मिल उघडली, बोलावणं आलं, आणि गेटवर सांगितलं की घेतो, पण बदली म्हणून. रामदासने तिथूनच पाठ फिरवली. तेव्हापासून त्या घरात "बदली" हा शब्द कोणी उच्चारत नसे. शेजारीसुद्धा त्याच्यासमोर तो टाळत. आणि तेव्हापासून त्याने कशालाच हात लावला नव्हता.

वर्षं गेली. वाढदिवस, साखरपुडे, बारशी, सगळीकडून मंजुळाच्या केकला मागणी येऊ लागली. दवाखान्यात बाळ जन्माला यायचं तिच्या हातात, आणि वर्षाने त्याचा केकही यायचा तिच्याच हातचा. टिंगल करणारी तोंडं आता "आमची मंजुळा" म्हणू लागली. जगाची रीतच ती.

आणि मग एका मे महिन्यात दवाखान्याने तिला कायम केलं.

गिरणगावातल्या घरात हा शब्द काय आहे ते बाहेरच्याला कळायचं नाही. राधाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पोरं नाचली. मंजुळाही हसली, पण तिने एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. कायम म्हणजे दिवसभराची ड्युटी. सकाळी जायचं ते दिवेलागणीला यायचं. आल्यावर पाणी, चूल, जेवणं, भांडी. तिसरी पाळी बंद. नोकरी सोडणं शक्य नव्हतं, सोडावी असं तिला वाटतही नव्हतं. म्हणजे जायचा तो केकच. हे तिला पहिल्याच दिवशी कळलं, आणि पाणी भरताना घागर नळाखाली कधीची ओसंडून वाहतेय तेही तिला दिसलं नाही.

पण एक केक कबूल केलेला होता. वरळी कोळीवाड्यातले हरेश्वर, त्यांचा नातू दवाखान्यात झालेला, त्याचा पहिला वाढदिवस. त्यांना केकवर आपली होडी हवी होती. मंजुळाने विचार केला. कोळी माणूस आपल्या होडीवर सुरी कशी चालवेल? म्हणून तिने केकचा समुद्र करायचा ठरवला आणि होडी वेगळी, साखरेची, वर अलगद ठेवायची. समुद्र कापा, होडी उचलून देव्हाऱ्यात ठेवा.

रविवारी सुट्टी होती, त्यात सगळं उरकायचं होतं. साखर दळायला मात्र वेळ नव्हता आणि राधाबाईंचा खांदा धरलेला. शनिवारी कामावर निघताना तिने न राहवून रामदासला म्हटलं, "अहो, तेवढी साखर कुठूनतरी दळून आणाल?"

तो आणील अशी तिला खात्री नव्हती. पण त्याने आणली. पीठगिरणीवाल्याने साखर घेतली नाही, दगडाला चिकटते म्हणाला. इतक्या वर्षांनी बायकोने एक काम सांगितलेलं, रिकाम्या हाताने परतायचं कसं? म्हणून रामदास शेजारच्या गल्लीत मिरच्या कांडायच्या डंकावर गेला. डंकवाल्याने फडक्याने पुसून घेतलं, आणि साखर कुटून दिली, अगदी पिठासारखी. रामदासने डबा जात्याशेजारी ठेवला आणि त्या दिवशी तो जरा ताठ बसला होता.

आता कोणी म्हणेल, वास आला नाही? मे महिन्यात लालबागमध्ये मिरचीचा वास कोणाला येतो? ज्याला येतो तो पाहुणा. सगळ्या पेठेत मसाल्याची कांडणी चालू, उशांनासुद्धा बेडगीचा वास. साखरेला तांबूस झाक होती, ती निळ्या रंगात बुडाली. आणि चाखायचं तर नव्हतंच. मंजुळाने लाटा काढल्या, लाटांवर फेस काढला, डोलकाठी आणि शीड असलेली होडी काढली. इतका देखणा केक तिने आजवर केला नव्हता.

दोन दिवसांनी हरेश्वर स्वतः ताट परत करायला आले. गॅलरीत टेकले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बाय, पन्नास वर्सं दर्यावर हाय मी. खारा दर्या ठावं होता. तिखट दर्या तुज्याकडंच खाल्ला."

पोराने बोट चाटून भोकाड पसरलं होतं. पोराच्या मामांनी मात्र ताट पुसून खाल्लं, आणि आणखी आहे का विचारलं. हरेश्वर हे सांगताना हसत होते, होडी देव्हाऱ्यात ठेवली म्हणाले. पण मंजुळाला हसू आलं नाही. ते गेल्यावर तिने कोन आणि नोझल पितळी डब्यात भरले, डबा फडक्यात बांधला आणि माळ्यावर टाकला. जात्यात खुंटा परत ठोकला.

"झालं तेवढं पुरे," ती म्हणाली. "कायम झाले ना आता. सगळंच कसं मिळेल?"

ती रामदासला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. राधाबाई तेवढ्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "माझो खांदो धरलो नसतो तर ह्यां झाला नसता." जात्याशिवाय दुपारची ओवीही बंद झाली. घर पुन्हा संपानंतरच्या दिवसांसारखं झालं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस मंजुळा दिवेलागणीला कामावरून आली. चप्पल काढली, पदर खोचला, घागर घ्यायला मोरीत गेली. घागरी भरलेल्या होत्या. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात स्टोव्ह पेटलेला, भाताला आधण आलेलं, आणि रामदास विळीवर बसून बोंबील साफ करत होता. वाईट साफ करत होता. निम्मा बोंबील काट्याबरोबर जात होता. जात्याचा खुंटा काढलेला होता, वर पितळी डबा ठेवलेला, आणि राधाबाई एक पाय लांब करून तयार बसलेल्या.

"अहो, उठा. मी करते," ती म्हणाली. "तुम्हाला कुठे येतंय?"

रामदासने वर पाहिलं नाही. "जागेवर माणूस नसला की कोण उभा राहतो?" त्याने विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मंजुळाला येत होतं, पण त्या घरात ते देता येत नव्हतं.

"बदली उभा राहतो," रामदास म्हणाला. "मी आहे बदली. तू तुझ्या पाळीवर जा."

ज्या शब्दासाठी त्याने गेटवरून पाठ फिरवली होती, तो त्याने स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या चुलीपाशी बसून उच्चारला. मंजुळाला रडू आलं. तिने ते लपवलं नाही. मग ती जात्यापाशी जाऊन बसली, आणि राधाबाईंनी दुखऱ्या खांद्याने तळी फिरवायला सुरुवात केली. त्या दिवशी केक नव्हताच. उपड्या ताटावर तिने नुसती वेल काढली, खरवडली, पुन्हा काढली. कालवण खारट झालं होतं. सगळ्यांनी खाल्लं.

पुढे हरेश्वरांना दुसरा केक गेला, गोड. रामदासही शिकला. पहिल्या वर्षी खारट, दुसऱ्या वर्षी बरं, नंतर असं की पुढे घरात आलेल्या सुनेला सासऱ्याच्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण माहेरी सांगण्यासारखं वाटे. चाळीतले पुरुष आधी हसले. मग एकदोघे कृती विचारायला आले, आणि तेही लपत आले. राधाबाई गेल्या तेव्हा जातं मंजुळा एका हाताने फिरवू लागली आणि ओवी स्वतः म्हणू लागली. मिलचं धुराडं पाडलं त्या दिवशीही त्या घरातून कोणाच्या तरी बारशाचा केक गेला.

मंजुळा दवाखान्यातून निवृत्त झाली. गळ्यात हार, हातात नारळ घेऊन घरी आली. हार देवाला घातला आणि पदर खोचून स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेली. रामदास आता म्हातारा झाला होता, विळीवर ओलं खोबरं खवत बसला होता.

"उठा आता," ती म्हणाली. "आले मी कायमची घरी. पुष्कळ केलीत बदली."

रामदासने खवणं थांबवलं नाही. "इतकी वर्षं बदलीवर काढली," तो म्हणाला. "आता उठवू नको. कायम कर मला."

मंजुळाने खोचलेला पदर सोडला आणि जात्यापाशी जाऊन बसली.