मामांची पहिल्या पिढीची गाडी

माझे मामा लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मभर त्यांनी लोकांना वर नेणाऱ्या पेट्या सांभाळल्या आणि प्रेमात पडले ते जमिनीला टेकलेल्या एका गाडीच्या. दोन दारांची, दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. आत बसायचं म्हणजे आधी गुडघ्यांची समजूत काढावी लागायची. भंगारात निघालेली ही गाडी मामांनी उचलून आणली आणि सुट्टीच्या दिवशी खपून खपून उभी केली. मामी तिला सरळ 'माझी सवत' म्हणायची, तेही पाहुण्यांसमोर.

या गाडीच्या तीन पिढ्या निघाल्या. मामांची पहिली. दुसरी आली तोवर धुराचे नियम कडक झाले होते. इंजिन मोठं झालं, पण त्याचा श्वास कोंडला. तिसरीला टर्बो मिळाला. तिच्याशी मामांचं भांडण नव्हतं. "तिला बाहेरून हवा भरतात, तिची गोष्टच सोडा," म्हणायचे. त्यांचं वैर दुसरीशी. माहितीपत्रकात दुसरीची ताकद पहिलीपेक्षा चांगली पाच घोड्यांनी, म्हणजे पाच हॉर्सपॉवरने, जास्त छापली होती, आणि मामांचं म्हणणं होतं की कागदावर काहीही असो, रस्त्यावर पहिलीच भारी. पॉवरलाही भारी आणि टॉर्कलाही.

टॉर्क म्हणजे काय, असं एकदा मी जेवताना विचारून बसले. मामांनी ताट बाजूला सारलं. "हे लोखंडी कपाट जागचं हलवायला जो जोर लागतो ना, तो टॉर्क. आणि तेच कपाट किती झपाट्याने पलीकडच्या खोलीत नेलंस, ती पॉवर."

"दोन्ही नको," मामी म्हणाली, "कपाट आहे तिथे बरं आहे. भात निवतोय."

मामांना हसणारे कमी नव्हते. सगळ्यात जास्त हसायचे ते दातांचे डॉक्टर. त्यांची गाडी दुसऱ्या पिढीची. माणूस तसा सज्जन, पण मामा दिसले की त्यांच्या अंगात यायचं. "काय, तुमच्या म्हातारीला जिना चढता येतो का अजून?" मामा हसण्यावारी न्यायचे आणि घरी येऊन तासभर धुमसायचे.

मग मामांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर त्यांची मुलगी, माझी ताई, हट्टाला पेटली की गाडी विकायची. जड क्लच, जड स्टिअरिंग, आणि वाटेत काही झालं तर? तिचं चूक नव्हतं. पण बापलेक दोघंही एकाच हाडाचे. महिनाभर घरात असा अबोला की मला तिथे चहा प्यायलाही नकोसं व्हायचं. शेवटी मामांनीच तोड काढली. ताई एका वर्कशॉपमध्ये गाड्यांची ताकद मोजायचं काम करायची. जमिनीत बसवलेल्या रोलरवर गाडीची मागची चाकं ठेवायची, गाडी जागेवरच पळवायची, आणि चाकांपर्यंत किती जोर पोचतो ते पडद्यावर उमटतं. मामा म्हणाले, "तुझ्या रोलरवर डॉक्टरांच्या गाडीपुढे माझी हरली, तर विकून टाक. जिंकली, तर पुन्हा विषय काढायचा नाही." ताईने लगेच मान डोलावली. तिने माहितीपत्रक वाचलेलं होतं.

ठरल्या दिवशी डॉक्टर आपली गाडी घेऊन आले, मीही गेले. लांबट खोली, दाराशी माणसाच्या उंचीचा पंखा, भिंतीवर पडदा. तिसऱ्या पिढीची एक गाडी तिथे ट्यूनिंगला आलीच होती. मालकाला विचारून ताईने ती आधी लावली. आत बसून तिने अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला आणि पडद्यावरची रेघ कड्यासारखी सरळ वर गेली. मामांनी एक जांभई दिली. मग डॉक्टरांची गाडी. चाकांवर एकशे बारा घोडे. डॉक्टरांनी कॉलर ताठ केली.

मामांची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "माझ्या गाडीत मी बसणार."

"बाबा, इथे मीच बसते. सगळ्यांच्या गाडीत."

"सगळ्यांच्या बस."

 ताई खाली वाकून पट्टे बांधायला लागली. जोर लावताना गाडी रोलरवरून उडू नये म्हणून मागचा भाग जाड पट्ट्यांनी जमिनीतल्या कड्यांना जखडतात. बाकीच्या गाड्यांना तिने चटचट बांधलं होतं. इथे मात्र ती एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, पुन्हा पहिल्या बाजूला. मामा आत बसून आरशातून बघत होते.

मग इंजिन पेटलं. आवाज चढत चढत गेला आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं, मामांच्या छातीचं तर विचारूच नका. ताई पडद्याकडे बघतच नव्हती. ती बापाकडे बघत होती.

एकशे नऊ. टॉर्कची रेघही डॉक्टरांच्या गाडीच्या केसभर खाली.

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "थोडक्यात गेलं हो," एवढंच म्हणाले. मामा गाडीतून उतरले, छतावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "ठरलं ते ठरलं." मला रडू आलं. एका गाडीसाठी! स्वतःचाच राग आला.

ताई पट्टे सोडायला वाकली आणि तशीच थांबली. मागच्या टायरवर तिने तळवा टेकला. तो चांगलाच तापला होता. तेव्हा मला काही कळलं नाही, डॉक्टरांनाही नाही. ती गप्प बसली असती तर गाडी गेली असती, तिला हवं होतं तसंच झालं असतं. ती उठली आणि म्हणाली, "हे धरायचं नाही. पट्टे मी जास्त आवळले. टायर रोलरवर दाबला गेला, त्यातच ताकद खर्च झाली."

"अगं, पण तुझी तर रोजची सवय आहे ना?" मी म्हणाले.

"रोज आत बाबा नसतात!" ती माझ्यावरच खेकसली.

मामा म्हणाले, "मला कळलं होतं. बसल्या बसल्याच कळलं, गाडी खाली बसली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"आरशात तुझं तोंड दिसत होतं." मामांनी टायरकडे बघितलं. "त्यावर काय बोलणार?"

ताईने नाक पुसलं आणि मग कामाला लागली. टायर निवू दिले, पट्टे सोडून डॉक्टरांच्या गाडीला होते तेवढेच ओढले. ओढून बघायला डॉक्टरांनाच बोलावलं, म्हणजे मागाहून कटकट नको. मामा गाडीच्या दाराकडे निघाले, तर तिने हात आडवा घातला.  ती आत बसली आणि मामा माझ्या शेजारी, पंख्यापासून जरा दूर, येऊन उभे राहिले.

एकशे सतरा. टॉर्कची रेघ तर सुरुवातीपासूनच वर. डॉक्टरांनी पडद्याजवळ जाऊन आकडा पुन्हा वाचला, मग येऊन मामांचा हात हातात घेतला. मामांचं लक्षच नव्हतं. इंजिन बंद झालं तरी ते गाडीकडे बघत होते.

ताई उतरली. "जिंकलात. आता विषय काढणार नाही," म्हणाली आणि किल्ली पुढे केली.

मामांनी ती घेतली नाही. "अगं, बाहेरून हिचा आवाज असा येतो?" ते म्हणाले. "इतकी वर्षं मी आतच बसलेलो. तूच चालव. मी ऐकतो."