हमीदाखालाच्या चार बागा

हमीदाखाला बाग बघायला आली की आधी झाडाखाली उताणी व्हायची. डोक्याखाली चुंबळ, नजर वर फांद्यांत. शेतकरी भाव सांगत राही, ही हूं की चूं करत नसे. उन्हाचे कवडसे तिच्या सुरकुत्यांवरून सरकत जात. मोसंबीचा वास इतका दाट असे की मलाही गुंगी यायची. आता ही झोपली, असं वाटावं तेव्हाच ती बोलायची, "ह्या झाडाला दोनशे. चाळीस किडकी." तोड झाली की आकडा पाच-दहानं इकडेतिकडे.

ती संगमनेरची बागवान. नवऱ्यामागं त्याचा धंदा तिनं उचलला: फळ पिकायच्या आधीच झाडावर उक्तं घ्यायचं, मग तोडून पुण्याला पाठवायचं. खाला आता नाही. मी तेव्हा दलालांविरुद्ध पत्रकं वाटत हिंडायचो. माझं एक पत्रक तिनं कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि निरोप पाठवला, की ओरडून झालं असेल तर एकदा बाग बघायला ये.

मला राग होता, अजूनही आहे. पुणतांब्याच्या तोडणीवाल्या बायकांना दिवसभराचे जे पैसे मिळत, त्याला मजुरी म्हणणं ही शुद्ध लबाडी आहे. म्हणून एकाहत्तर साली त्यांतल्या अकराजणींनी पैसे जमवले आणि मी त्यांचा चिटणीस झालो. आपणच बाग घ्यायची, आपणच विकायची. त्या अकरातल्या काशीबाईनं त्यासाठी दोन शेळ्या विकल्या होत्या.

गोदाकाठची एक बाग माझ्या स्वप्नात येऊ लागली होती. फांद्या फळांनी जमिनीला टेकलेल्या. सगळे पैसे तिथंच लावायचे, हे मी ठरवून टाकलं. काशीबाईला घेऊन खालाकडे गेलो ते सल्ल्यासाठी नव्हे, शाबासकीसाठी.

ती म्हणाली, "ह्यातल्या चार वळी घे. बाकीचे पैसे आनखी तीन गावांत टाक, लांब लांब. दोन बागा एका ढगाखाली घ्यायच्या न्हाईत."

"खाला, ही बाग खात्रीची आहे."

"खात्री तुला हाय. ढगाला कुनी सांगितलंय?" मग ती काशीबाईकडं वळली. "बाई, ही बाग गेली तर फुडच्या साली तुझ्याकडं काय ऱ्हाईल?"

काशीबाई म्हणाली, "तोडणीची पाटी."

बायकांनी खालाचं ऐकलं. मी भर बैठकीत तिला भित्री म्हणालो.

"व्हय, लई भित्री," ती हसली. "तीस वर्सं भीत भीत धंद्यात हाय. जे शूर हुते ते आता दुसऱ्याच्या बागा राखत्यात."

उरलेली बाग नगरच्या एका व्यापाऱ्यानं घेतली. हिवाळाभर मी त्या बांधावरून जायचो आणि पिवळी होत जाणारी ती फळं, जी आमची असती, बघत उभा राहायचो. त्यात आमच्या एका लांबच्या बागेत काही झाडांचं फळ डागाळलं. भाव सुधारेपर्यंत थांबू, असं मी म्हणत होतो. खालानं त्याच आठवड्यात मिळेल त्या भावाला ते विकायला लावलं. कुजणारं फळ आपल्या आशेवर टिकत नाही, असं तिचं म्हणणं. मी तिला तोंडावर सुनावलं, की तुमच्या भीतीपायी अकरा बायका बुडतायत. ती रागावली नाही, हेच मला जास्त लागलं.

तोडीला आठ दिवस असताना, भर दुपारी, गोदाकाठावर गारा पडल्या. खाला, बायका आणि मी पोचलो तेव्हा सगळं शांत होतं. झाडं उघडी, खाली पांढरी जमीन आणि त्यात पिवळी मोसंबी रुतलेली. इतकं सुंदर की मला स्वतःची लाज वाटली. आमच्या चार ओळी गेल्या होत्या. नगरचा व्यापारी बांधावर बसला होता. घरदार गहाण टाकून त्यानं सगळं इथंच लावलं होतं. माझ्या तोंडात पत्रकातलं एक जळजळीत वाक्य तयार झालं. खालानं माझं मनगट धरलं.

"गप. तिथं तू बसला असतास, ह्या अकराजणींना घिऊन."

आणि ती जाऊन त्याच्याशेजारी बसली.

काशीबाईनं गारांतून एक मोसंबं उचललं, दाबून पाहिलं, टाकून दिलं. मग हात लुगड्याला पुसत तिनं मला विचारलं, उद्या तोडीला कुठं जायचं. माझ्याकडं सांगायला तीन गावं होती.