घरी बांधलेली गाडी

मोघेकाका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी खुर्ची हलवून बघत. यजमानांच्या देखत, दोन्ही हातांनी, आधी पुढेमागे आणि मग डावीकडे-उजवीकडे. आम्ही मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये घर घेतलं तेव्हा शेजारी म्हणून ते आणि नलिनीकाकू पहिल्यांदा भेटायला आले. काकू दारात नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन उभ्या, आणि काका आमच्या जिन्याचा कठडा धरून गदागदा हलवतायत. माझा नवरा मंदार भिडस्त माणूस. तो पुढे होऊन म्हणाला, "काका, घर कसं वाटलं?" काका म्हणाले, "छान आहे. मोडेल कुठं ते बघून ठेवलंत का?" आदल्याच आठवड्यात घराच्या किल्ल्या मिळालेल्या माणसाला विचारायचा हा प्रश्न आहे का? मला तर तो म्हातारा तिथल्या तिथे डोक्यात गेला.

पुढे कळलं की यात कुचकेपणा काही नव्हता, नोकरीच तशी होती. सांगलीहून ॲन आर्बरला शिकायला आले, शिकून इथल्याच एका मोटार कंपनीत लागले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकच काम केलं. गाडीतला एकेक भाग कसकसा मोडू शकेल याचा आधीच विचार करून ठेवायचा आणि त्याची यादी करायची. कोणता भाग, कसा मोडेल, मोडला तर काय होईल, आणि तसं होण्याची शक्यता दहापैकी किती. त्या यादीला कंपनीत भारदस्त इंग्रजी नाव होतं. काका तिला मोडयादी म्हणत. "चालतंय म्हणजे अजून मोडलं नाही, एवढंच," हे त्यांचं लाडकं वाक्य. लग्नाच्या वाढदिवसालाही त्यांनी चारचौघांत हेच वाक्य म्हटलं. त्यावर काकूंनी केक कापायची सुरी जरा जास्तच वेळ हातात धरून ठेवल्याचं मी स्वतः पाहिलंय.

आमच्या मंडळाच्या गणपतीत मखराची जबाबदारी नेहमी काकांकडे. कमिटीतली पोरं सजावटीचे फोटो दाखवत आणि काका विचारत, "बाप्पाचं वजन किती?" एका वर्षी आरती थांबवून त्यांनी चौरंगाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला. लोक हसले. चौरंग काही पडला नाही, त्यामुळे ठोकळ्याची गरज होती असं कुणालाच वाटलं नाही. काकांचं सगळं आयुष्य असंच गेलं. जे मोडलं नाही त्याबद्दल कोण कुणाला शाबासकी देतो?

तर अशा या माणसाने निवृत्त झाल्यावर काय करावं? गाडीचं किट मागवलं. एक ट्रक आला आणि त्यांच्या ड्राइव्ह-वेवर लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी आणि खोकीच खोकी उतरवून गेला. दोन सीटची उघडी गाडी, वर छप्पर नाही, एअरबॅग नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एका ठोकरलेल्या गाडीतून काढून आणायचा. उभी हयात लोकांच्या सुरक्षिततेची काळजी वाहिली, आणि स्वतःसाठी निवडली ती ही उघडीबोडकी! मी तसं म्हटलं तर काका शांतपणे म्हणाले, "अगं मेधा, आजवर दुसऱ्यांनी जोडलेलं मोडायचा विचार केला. एकदा स्वतः जोडून बघू दे की."

जोडलं, पण त्यांच्या पद्धतीने. एक नट पिळला की त्याची मोडयादी, मग तो परत सैल करून परत पिळणे. दुसरे लोक वर्षभरात संपवतात ते काम काकांच्या गराजमध्ये वर्षानुवर्षं चाललं. तोवर काकूंची रोजची गाडी बाहेर बर्फात. मिशिगनच्या जानेवारीत काकू हातात खरवडणी घेऊन काचेवरचा बर्फ काढतायत आणि आत हीटर लावून काका त्या सांगाड्याला फडक्याने पुसतायत, हे दृश्य आमच्या खिडकीतून नेहमीचं. "सवत आणली असती तर निदान पोळ्या लाटायला तरी उपयोग झाला असता," काकू म्हणायच्या. रंग मात्र त्यांनी निवडला. अबोली. काकांनी तोंड वाकडं केलं, पण दिला.

गाडी पुरी होत आली आणि काकांना वाचताना ओळीच्या मधले शब्द दिसेनासे झाले. डॉक्टरने सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, समोरचं जात जाईल. आज लायसन्सपुरतं दिसतंय, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दिसेलच असं नाही. एवढ्या वर्षांत काकांना घाई झालेली मी पाहिली नव्हती. ती आता पाहिली. त्यांना काही शर्यतीत उतरायचं नव्हतं. आपल्या हाताने जोडलेली गाडी एकदा, कायदेशीर नंबरप्लेट लावून, भर रस्त्यावरून स्वतः चालवायची होती. बास, इतकंच.

घरी बांधलेल्या गाडीला इथे आधी पोलीस खात्याचा माणूस येऊन बघून जातो. तो आला, इंजिन चोरीचं नाही ना ते पाहिलं, दिवे लावून बघितले, अबोली रंगाचं कौतुक केलं, गाडीपाशी उभा राहून स्वतःचा फोटो काढला आणि सही करून गेला. काका हादरले. "त्यानं स्टिअरिंगला हातसुद्धा लावला नाही गं! पास कसं केलं?" पास झाल्याचं इतकं दुःख झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

राहिला इन्शुरन्स. तो असल्याशिवाय नंबरप्लेट नाही. काकांना समोरचं नीट दिसत नसल्यामुळे अर्ज टाइप करायला मी. आमच्या भागातली एजंट ब्रेंडा फोनवर समजावून सांगत होती. असल्या गाड्यांचा इन्शुरन्स वेगळा असतो. गाडी कुलपात ठेवायची, रोजच्या कामाला वापरायची नाही, घरात रोजची गाडी दुसरी हवी. सगळं जमत होतं. मग प्रश्न आला, गाडीत तुम्हाला माहीत असलेले काही दोष किंवा धोके आहेत का? मी 'नाही'वर टिचकी मारणार, तोच काकांनी माझा हात धरला. "थांब. आहेत ना." आणि त्यांनी अर्जाला अख्खी मोडयादी जोडायला लावली. स्टिअरिंगचा नट सुटणे, परिणाम मृत्यू, शक्यता नगण्य. ब्रेकची नळी फुटणे, परिणाम मृत्यू, शक्यता नगण्य. वायपरचा स्क्रू पडणे, परिणाम चिडचिड. अशी पानंच्या पानं!

कंपनीच्या माणसाने बहुधा पहिल्या पानावरचे 'मृत्यू' वाचले आणि पुढे वाचायचे कष्ट घेतले नाहीत. नकार आला. ब्रेंडा कळवळून म्हणाली, "मिस्टर मोघे, बाकी लोक तिथे 'नो' लिहितात." काका म्हणाले, "मग त्यांच्या गाड्या त्यांना माहीत नसतील." कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोहून मुलीचा, रेवाचा फोन आला. ती इथेच जन्मलेली, बापाशी इंग्रजीतच भांडते. "बाबा, जस्ट टिक द बॉक्स! एव्हरीबडी डझ!" काकांनी फोन काकूंकडे दिला आणि गराजमध्ये निघून गेले. मिशिगन राज्यातली सगळ्यात विचारपूर्वक जोडलेली गाडी तीच असेल, आणि तिला कुणी घेईना, का तर मालक खरं बोलतो! मी तर कपाळाला हात लावला.

मग बर्फ पडला. तो वितळवायला रस्त्यावर मीठ आलं, उघडी गाडी काढायचा प्रश्नच मिटला. ब्रेंडाने दुसरी एक कंपनी शोधून ठेवली होती आणि काका म्हणाले, यादी पुन्हा एकदा नीट करू. फेब्रुवारीत एका दुपारी मी त्यांच्या डायनिंग टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसले. काका खुर्चीत डोळे मिटून सांगत होते, मी टाइप करत होते. सगळे भाग संपले. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात ते म्हणाले, "अजून एक ओळ घाल. भाग, चालक."

मी टाइप केलं.

"कसा मोडेल? समोरचं दिसत नाही. परिणाम, मृत्यू. समोरच्याचाही."

माझी बोटं थांबली. "काका, राहू दे ना ही ओळ."

"शक्यता दहापैकी दहा," काका म्हणाले. "लिही. बाकीच्या सगळ्या ओळी लिहायच्या आणि हीच तेवढी गाळायची का?"

आत कुकरची शिट्टी झाली. मी ती ओळ लिहिली, आणि लिहिताना मला रडू फुटलं. काकांचे डोळे मिटलेलेच होते. दुसऱ्या दिवशी ते मंदारला बरोबर घेऊन गेले आणि कुणी मागितलं नसताना आपलं लायसन्स परत करून आले. काका जाऊन आता वर्ष होईल, पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे, डोळे मिटून स्वतःलाच नापास करताना.

यानंतर जे केलं ते नलिनीकाकूंनी. त्या आठवड्यात त्या लॅपटॉपसमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गाडी माझ्या नावावर करा. अर्ज मी भरते." काका थक्क. "तू? अगं, तुला गाडीतलं काय कळतं?"

"काही नाही. म्हणून तर."

दोषांचा प्रश्न आला. माहीत असलेले दोष? काकूंनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "मला एकही माहीत नाही."

काका अस्वस्थ झाले. "नलू, खोटं नको. मी रोज जेवताना सांगत होतो तुला."

"सांगत होतात. मी ऐकत होते असं कुणी सांगितलं?" काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून तुम्ही नटबोल्टांबद्दल बोलायला लागलात की मी आमटीचा विचार करते. शपथ घेऊन सांगते, मला एक अक्षर माहीत नाही."

काकांनी बराच विचार केला. बायकोच्या बोलण्यात त्यांना कुठे फट सापडेना. शेवटी ते म्हणाले, "मग 'नाही' हे उत्तर बरोबर आहे." जो जाणतो त्याला नकार, जिला ओ की ठो कळत नाही तिला होकार! पॉलिसी आठवड्याच्या आत आली. फक्त घरातल्या सगळ्या माणसांची माहिती द्यायची होती, आणि काकांच्या डोळ्यांचं काकूंनी खरं तेच लिहिलं होतं. त्यामुळे पॉलिसीत एक कलम आलं. ही गाडी खालील व्यक्तीने कोणत्याही परिस्थितीत चालवू नये. खाली एकच नाव. उभ्या अमेरिकेत त्या गाडीला हात लावायची नाव घेऊन मनाई कुणाला, तर ती बांधणाऱ्याला. काकांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय."

आता आली पंचाईत. काकू आयुष्यभर ऑटोमॅटिक चालवलेल्या, आणि ही गिअरची. एप्रिलभर ड्राइव्ह-वेवर शिकवणी चालली. "क्लच दाब, मग गिअर, मग हळूच सोड." काकू क्लच दाबत, गिअरकडे बघत, तोवर पाय सुटे आणि गाडी उडी मारून बंद पडे. "अहो, हाताला सांगितलं की पाय विसरतो आणि पायाला सांगितलं की हात! मला नाही जमायचं!" आमच्या खिडकीतून ऐकायला यायचं. पुढे हे आवाज थांबले. मला वाटलं, त्यांनी नाद सोडला असणार.

मे महिन्यात एका रविवारी सकाळी काकांचा फोन. "तुझी गाडी काढ आणि आमच्या मागून ये. काही सुटून पडलं तर उचलायला कुणीतरी हवं." मी निघाले. पुढे ती अबोली गाडी, डावीकडे स्टिअरिंगवर काकू डोक्याला स्कार्फ बांधून ताठ बसलेल्या, उजवीकडे काका टोपी घालून. आणि काय सांगू, गाडी लोण्यासारखी चालली होती! सिग्नलला थांबली, सुटली, दुसरा गिअर, तिसरा, चौथा, एकही धक्का नाही. मागे मी तोंडाचा आ करून. तळ्यापाशी पार्किंगमध्ये पोचलो तशी मी धावतच त्यांच्या गाडीपाशी गेले.

"काकू, गिअर टाकायला कधी शिकलात?"

"मी कुठली शिकते!" काकू हसत सुटल्या. "मी नुसता पाय दाबते आणि 'हं' म्हणते."

तेव्हा मी पाहिलं. गिअरच्या दांड्यावर काकांचा डावा हात होता. इंजिनचा आवाज ऐकून त्यांना कळत होतं, कधी कोणता गिअर लागणार. त्यासाठी समोरचं दिसायची गरज नव्हती. वाऱ्याने त्यांचे डोळे पाणावले होते, का आणखी कशाने, देव जाणे. माझे मात्र वाऱ्याने नव्हते.

पण मी शेजारीण, टोमणा मारल्याशिवाय कशी राहीन? म्हटलं, "काका, पॉलिसीतलं ते कलम आठवतंय ना? हे इन्शुरन्सला कळवायला हवं हो."

वायपरच्या स्क्रूचीसुद्धा कंपनीला खबर देणारा माणूस तो. त्यांनी मान जरा तिरपी केली. हल्ली कुणाला बघायचं असलं की ते तशीच करत.

"त्यांनी विचारलंय का?" काका म्हणाले, आणि दांड्यावरचा हात न काढता काकूंकडे वळले. "नलू, दाब."