रोह्यात चार वाजता जोराचा पाऊस

बाबांना मी एक अख्खा पावसाळा तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवलं. मी पेणला, ते रोह्याला, मध्ये मेमू गाडीचा तासाभराचा प्रवास. कोंडण्याचं काम फोनवरूनच केलं, आणि ते करताना आपण फार काळजी घेणारी मुलगी आहोत असं मला वाटत होतं.

सुरुवात जूनमध्ये झाली. बाबा संध्याकाळच्या फेरीला गेले असताना भिजले, ताप आला आणि आठ दिवस दवाखान्यात काढावे लागले. धाटावच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं काढलेला माणूस, फुप्फुसं आधीच थकलेली. डॉक्टरांनी बजावलं, की आता भिजायचं नाही. त्याच दमात हेही बजावलं, की बसून राहायचं नाही, रोज चालायचं. पावसाळ्यात, रोह्यात, हे दोन्ही एकदम कसं जमवायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही.

बाबांचं चालणं म्हणजे तीन जिने उतरायचे, कुंडलिका नदीच्या काठच्या बाकावर जाऊन बसायचं, सहा-साडेसहाला परत यायचं आणि जिने चढायचे. लिफ्ट नाही. दिवसातून एकदाच चढायचा दम होता. बाकावर त्यांचा पार्टनर असायचा. एका शिफ्टमध्ये दोघांनी बावीस वर्षं काढलेली, तेव्हापासून दोघंही एकमेकांना पार्टनरच म्हणायचे. पार्टनर कोकणी मुसलमान, बोलायला एकदम गोड, पण कॉम्प्रेसरच्या आवाजाने कान गेलेले. फोनवर बोलणं अशक्य, आणि फोन तरी कसला, साधा बटणांचा. गुडघेही गेलेले, त्यामुळे ते आमचे तीन जिने चढू शकत नव्हते. म्हणजे दोघांची भेट व्हायची ती बाकावर, नाहीतर नाहीच. आणि पार्टनर ऑगस्टअखेर कायमचे आखातात मुलाकडे जाणार होते. दवाखान्यातून घरी आल्यावर बाबांनी पहिली गोष्ट मला ती सांगितली. "अडीच महिने हायत, बाय. तेवढे तरी रोज जाऊ दे."

आता माझं काम काय, तर हवामानाचं ॲप. घरूनच काम करते, पेणच्या घरातल्या आतल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, कारण समोर बसलं की स्क्रीनवर उजेड पडतो. आमचं ॲप स्वतः अंदाज काढत नाही. चार ठिकाणांहून अंदाज घेतं आणि शेजारी शेजारी मांडून दाखवतं. लोकांना ते आवडेना. एक म्हणतो कोरडं, दुसरा म्हणतो मुसळधार, मग आम्ही करायचं काय, अशा तक्रारी यायच्या. आधी आम्ही सरासरी काढून पाहिली. कोरडं आणि मुसळधार यांची सरासरी रिमझिम आली. रिमझिम तर चौघांपैकी कोणीच म्हटलं नव्हतं! मग मी सुचवलं, की ज्या गावात ज्याचा अंदाज आजवर जास्त खरा ठरला, त्या गावात त्याचं जास्त ऐकायचं. साहेबांना कल्पना पटली आणि ती माझ्याच गळ्यात पडली.

अंदाज खरा ठरला की नाही, हे कळायला त्या गावात प्रत्यक्ष काय झालं ते कोणीतरी सांगायला हवं. रोह्याची तर पंचाईतच. एका अंदाजवाल्याच्या नकाशात समुद्र, रोहा आणि पलीकडचे डोंगर सगळे एकाच चौकोनात. त्याला रोहा दिसतच नव्हतं. तिथून खरं सांगणारं माणूस हवं होतं, आणि माझ्याकडे रोह्यातलं एकच माणूस होतं. मी बाबांच्या फोनवर चाचणीचं ॲप टाकून दिलं. वर अंदाज, खाली चार बटणं: ऊन, ढग, रिमझिम, जोराचा पाऊस. आठ, बारा, चार आणि सहा वाजता फोन वाजेल, तेव्हा एक बटण दाबायचं. बाबा एकदम खूश. म्हणाले, "म्हणजे लॉगशीट. रीडिंग लिहायचं."

"तेच," मी म्हटलं. मला घाई होती.

बाबांच्या फोनपुरती मी आणखी एक गोष्ट करून ठेवली. चौघांपैकी एकानेही पाऊस म्हटलं, तर त्यांना पाऊसच दाखवायचा. जूनमधल्या तापाने मी घाबरले होते. चौघांमध्ये एक असा भित्रा होता, की आभाळात चिंधीएवढा ढग दिसला तरी त्याचा मुसळधार ठरलेला. बाबांच्या फोनवर बहुतेक दिवस त्याचंच राज्य चालायचं.

रोज चारला बाबांचा फोन यायचा. "आज?"

मी माझ्या स्क्रीनवर त्यांच्या फोनवरचाच अंदाज बघायचे आणि म्हणायचे, "आज नको."

"बरं."

एवढंच. ते कधी भांडले नाहीत. कंपनीत असताना साहेबांशी कचाकचा भांडणारा हा माणूस माझ्यापुढे "बरं" म्हणायचा, आणि मला त्या शब्दाचा राग यायचा. मीही त्या खोलीत अडकलेलेच होते. सकाळी नऊला खुर्चीत बसले की रात्री जेवायलाच उठायचं. रोह्याला जाऊन यायचं दर रविवारी ठरायचं आणि दर रविवारी काहीतरी फाटे फुटायचे. ऑगस्ट संपायला वेळ आहे, असं मी बाबांना सांगायचे.

जुलै संपता संपता एक गंमत व्हायला लागली, निदान मला ती गंमत वाटली. रोह्यात तो भित्रा अंदाजवाला जवळजवळ दरवेळी खरा ठरत होता. त्याने पाऊस म्हणावं आणि बाबांनी पाऊस नोंदवावा. अलिबाग, माणगाव, महाड सगळीकडे त्याची फजिती, फक्त रोह्यात तो देव. मीटिंगमध्ये साहेबांनी रोह्याचा आलेख सगळ्यांना दाखवला. एकही नोंद चुकलेली नाही, एकही वेळ रिकामी नाही, म्हणाले, असा निरीक्षक प्रत्येक तालुक्यात हवा. माझे वडील आहेत ते, असं मी कॅमेऱ्यासमोर सांगितलं आणि आपली पाठ आपणच थोपटून घेतली. त्या नोंदींच्या जोरावर मी रोह्यासाठी बाकीच्या तिघांचं ऐकणंच बंद केलं.

मग ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बाबांचा चारचा फोन यायचा थांबला. पहिल्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं का बोलू. दुसऱ्या दिवशी मीच केला, तर म्हणाले, "काय नाय, बरा हाय." नोंदी मात्र चारी वेळेला येत होत्या. तिसऱ्या दिवशी खुर्चीत बसवेना. साहेबांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारची मेमू धरली.

नागोठणं मागे पडलं तसं ऊन वाढत गेलं. रोह्याला उतरले तेव्हा प्लॅटफॉर्म खडखडीत कोरडा होता. एका बाईने रेलिंगवर ओली छत्री वाळत टाकली होती, तीही कधीची वाळली असावी. घड्याळात चार वाजत होते. हातातला फोन थरथरला, बाबांची नोंद आली होती. रोहा, चार वाजता: जोराचा पाऊस.

मी वर बघितलं. आभाळ निळं होतं. कोणीतरी माझी चेष्टा करतंय असं आधी वाटलं. बाबा भ्रमिष्ट झाले की काय, हा एकच विचार घेऊन मी रिक्षात बसले.

जिन्यातच स्वयंपाकाच्या मावशी भेटल्या. काम आटपून खाली येत होत्या. मला बघून थांबल्या आणि पिशवी पायरीवर ठेवली.

"बरं झालं गो ताई, आलीस. काका जेवत नायत नीट. त्यांचा पार्टनर गेला ना रविवारी."

"रविवारी? महिनाअखेर जाणार होते ना?"

"तिकीट आधीचं मिळालं. शनिवारी बाकावर मला सांगितलं, उद्या पहाटे निघतो म्हणून. मी काकांना सांगेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. गाडी गेलेली."

मावशींचा घरी जायचा रस्ता त्या बाकावरून. बाबा रोज त्यांच्याकडे निरोप द्यायचे, पार्टनरला सांग, पाऊस हाय, येत नाय. मावशी तो निरोप पार्टनरच्या कानाशी ओरडून सांगायच्या. पार्टनर उन्हात बसून तो ऐकायचे.

"रोज नाय गो, पाऊस असायचा कधी कधी. पण बरेच दिवस कोरडेच. मी काकांना म्हटलं पण, ऊन हाय हो. तर म्हणाले, मुलगीनं सांगितलंय." मावशींनी आवाज खाली आणला. "शनिवारी पार्टनर मला विचारतात, त्याच्या बिल्डिंगवर वेगळं आभाळ हाय का? म्हणाले, भेटायचं नसेल तर तसं सांगायचं, पावसाचं नाव कशाला. मी हे काकांना नाय सांगितलं."

उरलेले दोन जिने मी कशी चढले मला आठवत नाही. राग आला होता, आणि तो बाबांवर होता. जे घडलं ते माझ्यामुळे घडलंय हे ज्या क्षणी कळत असतं, त्या क्षणी माणूस आधी दुसऱ्यावर तापतो. मी तरी तापले.

बाबा खुर्चीत बसले होते, फोन मांडीवर, चष्मा नाकावर. मागच्या खिडकीतून ऊन थेट त्यांच्या पाठीवर पडलं होतं.

"बाबा, आता चारला काय लिहिलंत तुम्ही?"

"जोराचा पाऊस." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हे बघ, दाखवतंय ना."

वर आमचा अंदाज होता: जोराचा पाऊस. बाबांनी तो वाचला होता आणि खालचं तेच बटण दाबलं होतं. दोन महिने, दिवसातून चार वेळा, एकही न चुकवता.

"अहो, पण बाहेर बघायचं होतं! ऊन आहे, तुमच्या पाठीवर ऊन आहे!"

"ते मला दिसतंय," बाबा शांतपणे म्हणाले. "पण रीडिंग असं घेत नायत, बाय. टाकीत डोकं घालून बघतो काय आम्ही? पॅनेलवर काटा जे दाखवतो ते लिहायचं. डोळ्यांवर विसंबलेले किती जण भाजले मी बघितलेत. मी काट्यावर विसंबलो म्हणून तुझ्यासमोर बसलोय." आणि मग म्हणाले, "त्यात ते तू बनवलेलं. आणि तूही फोनवर तेच सांगायचीस."

मी खाली बसले. फरशीवरच. भित्रा पाऊस म्हणायचा, म्हणून ॲप पाऊस म्हणायचं. ॲप म्हणायचं म्हणून बाबा पाऊस लिहायचे. बाबांनी लिहिलं म्हणून भित्रा खरा ठरायचा, म्हणून मी त्याचं आणखी ऐकायचे आणि बाबांना आज नको म्हणायचे. घाण्याचा बैल तरी मध्येच थांबतो. ह्यात कुठूनही थांबायला जागा नव्हती, आणि हे सगळं मी माझ्या हातांनी, खिडकीकडे पाठ करून बांधलं होतं.

पार्टनर काय समजून गेले ते मावशींनी बाबांना सांगितलं नव्हतं. मीही गप्प बसू शकले असते. पण तेवढी तरी लाज शिल्लक होती, म्हणून सगळं सांगून टाकलं. बाबांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"त्याला वाटलं मी टाळतोय," एवढंच म्हणाले.

मग आम्ही खाली उतरलो. मी हात धरला होता, तो त्यांनी दुसऱ्या जिन्यावर सोडवून घेतला. बाकावर कोणी नव्हतं. बाबा एका टोकाला बसले, दुसरं टोक रिकामं ठेवून. मला मध्ये बसावं लागलं. सहा वाजता फोन वाजला. स्क्रीनवर अर्थातच पाऊस. बाबांनी स्क्रीन बघितली, नदीवरचं पिवळं ऊन बघितलं, आणि बोट बटणांवर धरून तसेच थांबले.

"मीटर खराब असलं की आम्ही लॉगशीटवर तसं लिहायचो," ते म्हणाले. "ह्यात ते कुठे लिहायचं?"

तसं बटण मी केलंच नव्हतं. म्हटलं, राहू द्या, रिकामं सोडा. "रिकामं सोडायचं नसतं," बाबा म्हणाले. मग त्यांनी पार्टनरच्या मुलाचा आखातातला नंबर शोधायला लावला, व्हॉट्सॲप उघडून घेतलं आणि एका बोटाने लिहिलं: पार्टनर, मीटर खराब होतं. मी रीडिंग बघून लिहीत होतो. त्याखाली त्यांनी आपला कंपनीतला टोकन नंबर घातला, शिफ्ट संपताना घालायचे तसा. मला वाटलं, बावीस वर्षं एका पॅनेलसमोर बसलेल्या माणसाला एवढं पुरे. तो समजेल.

त्या संध्याकाळी उत्तर आलं नाही. रात्री मी रोह्याच्या दोन महिन्यांच्या नोंदी बाद करायला टाकल्या, आणि साहेबांना कारण लिहिताना पोटदुखीचं खोटंही कबूल करून टाकलं.

सकाळी मी निघायच्या तयारीत असताना बाबांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला. मुलाच्या फोनवरून पार्टनरनेच लिहिलं होतं, एकेक अक्षर वेचून लिहिल्यासारखं. बाबांनी मोठ्याने वाचलं.

"समजलं. पण तुझ्या घराला खिडकी होती ना?"

बाबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"ह्याला तूच उत्तर दे," म्हणाले.