ओट्यापाशी थांबणारा शॉट

आमच्या वस्तीत कुणाला ताप आला की आधी लिंबू उतरवायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं, अशी पद्धत. आमच्या घरात हा क्रम उलटवणारी मी पहिली. बी.एस्सी. झालेलीही मीच पहिली. हे मुद्दाम सांगतेय, कारण या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी आजवर फक्त हसले आहे. 'बाहेरचं', 'अंगात आलं' असे शब्द कुणी काढले की मी उठून जायचे. अजूनही जाते. त्यामुळे जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते, पदरचं काही घालत नाही. कुणाला टेक्निकल कारण सापडलं तर खाली जरूर लिहा.

मी ड्रोन उडवते. रीतसर ट्रेनिंग, लायसन्स, सगळं आहे. लग्नं, बिल्डर लोकांचे प्लॉट, कात्रजच्या पुढच्या साइट्स... पुण्यात विमानतळामुळे परवानगीची कटकट फार, पण ती निस्तरायला मी शिकलेय. एडिटिंग इरफान करतो. कॉलेजपासूनचा मित्र. भवानी पेठेत त्याच्या वडिलांच्या दुकानावर माळा आहे, तिथं त्याचं टेबल. बोलणं तिरकस, काम सरळ.

माझे वडील – आम्ही आण्णा म्हणायचो – मार्केट यार्डात भुसार विभागात हमाल होते. आई तिथंच एका गाळ्यावर धान्य चाळायला जायची. मी हे कधी लपवलं नाही. कॉलेजात कुणी 'फादर काय करतात' विचारलं की मी 'हमाली' म्हणायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायचे. निकाल लागला त्या दिवशी आण्णा एवढंच म्हणाले होते, "आता तुला काही उचलायला लागणार नाही."

आण्णा गेले कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. हॉस्पिटलमधून ॲम्ब्युलन्स, तिथून थेट विद्युतदाहिनी. मी फाटकाबाहेर उभी होते. आईला घराबाहेरच पडता आलं नाही, तीही पॉझिटिव्ह होती. आमच्याकडं तिरडी नेताना अर्ध्या वाटेत एकदा खाली टेकवतात. त्याला विसावा म्हणतात. तिथं चार दाणे ठेवायचे, खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या – पुढचे मागे, मागचे पुढे – आणि मग निघायचं. आण्णांना यातलं काहीच मिळालं नाही.

आई रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. एकच बोलायची, आणि ते वर्षानुवर्षं बोलत राहिली – "जल्मभर दुसऱ्याचं वझं वाहिलं, आन् त्यांना कुणी खांदा दिला न्हाई. वाटंतच राहिलं असतील ते." तेव्हापासून तिनं मार्केट यार्डात पाऊल टाकलं नाही. आम्ही राहतो तिथून यार्ड चालत जाण्याएवढं, पण ही बस पकडून लांबच्या मंडईत जायची. मी समजावायचे, अग्नी मिळाला ना, झालं मग. ती ऐकून घ्यायची, पण माझ्याकडं अशी बघायची की जणू मी शाळेतलं पाठांतर म्हणून दाखवतेय.

गेल्या हिवाळ्यात भुसारमधल्या एका शेठनं काम दिलं. त्यांच्या पेढीवर मुलगा बसणार होता, त्या कार्यक्रमासाठी एक छोटी फिल्म हवी होती. शॉट असा ठरला – मेन गेटपासून निघायचं, गाळ्यांच्या मधून सरळ गल्लीनं जायचं आणि शेवटच्या गाळ्यावरच्या पाटीपाशी थांबायचं. मध्ये कट नाही. शेठ मला लहानपणापासून ओळखतात. म्हणाले, "तुझ्या बापानं आमच्याकडं थप्प्या लावल्या. आता तू वरनं बघ, नीट लागल्यात का."

सकाळी गर्दी वाढायच्या आत मी शॉट घेतला. दोन मजली उंची, हळू वेग, वारा नाही. ड्रोन डोळ्यांसमोरून एका सरळ रेषेत गेला, कुठं अडखळला नाही. कंट्रोलरच्या स्क्रीनवर चित्र थोडं अडकलं, पण गल्लीत पत्र्याच्या शेड आहेत, सिग्नल जरा तुटतोच. लाइव्ह चित्र अडकलं म्हणून रेकॉर्डिंग खराब होत नाही, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

दुपारी इरफानचा फोन. "मॅडम, शॉट घेताना बैलगाडीत बसला होतात का?"

जाऊन बघितलं. गेटपासून थोडं अंतर सगळं गुळगुळीत. मग झटके सुरू. चित्र एका बाजूला किंचित कलायचं, हिसका बसायचा, पुन्हा कलायचं. गल्लीच्या साधारण मध्यावर, जुन्या वजनकाट्याशेजारी एक दगडी ओटा आहे, तिथं चित्र थांबायचं. मग एकदम झेप घेऊन पुढं, आणि पुन्हा झटके. शेवटच्या गाळ्यापर्यंत.

असं फुटेज दिसलं की आधी काय बघायचं हे कुणीही सांगेल. फाइल जड असते, कॉम्प्युटर धापा टाकतो, म्हणून हलकी कॉपी करून बघितली. तेच. मेमरी कार्ड स्लो असेल म्हणून नवं वेगवान कार्ड आणलं, ड्रोनमध्येच फॉरमॅट केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शॉट घेतला. तेच. शटर, फ्रेम रेट बदलले. पंख नवे लावले. कॅमेरा ज्यावर तोलून धरलेला असतो त्या गिंबलचं कॅलिब्रेशन केलं, त्याचे रबरी गट्टू तपासले. सॉफ्टवेअर अपडेट केलं. तेच, आणि त्याच ठिकाणी.

इरफाननं त्याच्या मित्राचा ड्रोन आणला. थोडंफार उडवता त्यालाही येतं. त्या ड्रोननं त्यानं शॉट घेतला – लोण्यासारखा. मग तोच ड्रोन मी उडवला – झटके. माझा ड्रोन त्याच्या हातात दिला – लोणी. "ड्रोन बरा आहे," तो म्हणाला, "तू एखाद्या डॉक्टरला दाखवून घे." माझा हात थरथरत असेल असं त्याला सुचवायचं होतं. पण फ्लाइट लॉगमध्ये कंट्रोलरच्या काड्या किती हलल्या तेही नोंदलं जातं. माझा हात एकदाही हलला नव्हता. वेग एकसारखा, उंची एकसारखी.

मग त्यानं फुटेज फ्रेम-फ्रेम करून बघितलं, आणि त्याचं तिरकस बोलणं थांबलं. एकही फ्रेम गहाळ नव्हती. ओट्यापाशी व्हिडिओ अडकत नव्हताच. खालची माणसं चालत होती, एक बाई झाडू मारत होती, कबुतरं उडत होती. फक्त कॅमेरा थांबला होता. ज्या वेळी माझ्या डोळ्यांदेखत ड्रोन न थांबता पुढं गेला होता, त्याच वेळी कॅमेरा ओट्यावर शांत उभा होता.

इरफान म्हणाला, त्यानं घेतलेला शॉट वापरायचा आणि विषय संपवायचा. शेठला काय कळतंय. मी नाही म्हटलं. दुसरी कुठली गल्ली असती तर चाललं असतं. त्या गल्लीत आण्णांची हाडं झिजली. तिथलं काम मी दुसऱ्याच्या हातून करून घेणार नव्हते.

"मग निदान घरी टीव्हीवर लावून बघ," तो म्हणाला, "माझ्या मशीनचा दोष असला तर तिथं दिसणार नाही."

संध्याकाळी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आई खाली बसून मेथी निवडत होती. यार्डाचं गेट दिसल्याबरोबर तिनं मान खाली घातली. मी म्हटलं, बघू नकोस, दोन मिनिटांत बंद करते. ती मेथी खुडत राहिली. झटके सुरू झाले तशी मी रिमोट घेऊन टीव्हीच्या अगदी जवळ गेले. मागं मेथी खुडल्याचा आवाज थांबला.

"परत लाव."

मी परत लावला.

"कोण उचलून चाललंय?"

मी सांगितलं, कुणी नाही उचललेलं, हा ड्रोन आहे, हवेत असतो.

"मला नको शिकवू. ही तुझ्या बापाची चाल हाय."

आण्णांच्या डाव्या पायावर पूर्वी कधीतरी पोतं पडलं होतं. लंगडायचे नाहीत, पण एक पाऊल आखूड पडायचं. मी टीव्हीकडं बघितलं. कलणं, हिसका, कलणं... एक लांब, एक आखूड.

"तू खांद्यावर असलीस की अशी चाल," आई म्हणाली. "नुस्तं पोतं घेतल्यावर वेगळी."

मग तिनं जे सांगितलं ते मला ठाऊकच नव्हतं. बालवाडी सुटली की आण्णा मला गेटपाशी खांद्यावर घ्यायचे. गल्लीत ट्रक मागं-पुढं होत असायचे, खाली सोडायची सोय नव्हती. आई काम करायची तो गाळा गल्लीच्या टोकाला. मध्ये काट्याशेजारच्या ओट्यावर मला टेकवायचे, दम घ्यायचे, खांदा बदलायचे आणि पुन्हा निघायचे. आई चाळण हातात धरून दारात उभी असायची.

"गर्दीत आधी तू दिसायचीस," ती म्हणाली, "मग ते."

मला यातलं फक्त एकच आठवतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांची डोकी, पोत्यांच्या थप्प्या, टोप्या – सगळं वरून बघितल्याचं आठवतं. इतकी वर्षं मला वाटायचं, ते स्वप्न असेल.

आईनं शेवटचा भाग पुन्हा लावायला सांगितला, ओट्याच्या पुढचा. "बघ," ती म्हणाली, "खांदा बदलला." मी बघितलं. ओट्यापर्यंत चित्र उजवीकडं कलत होतं. ओट्यानंतर डावीकडं. एवढ्या तपासण्या केल्या, पण हे ना मी बघितलं होतं, ना इरफाननं.

मी टीव्ही बंद केला. म्हटलं, आई, याला काहीतरी कारण असेल. ती म्हणाली, "असंल की. म्हनून काय त्यांनी वाटंतच बसायचं?"

सकाळी उठले तर ती लुगडं बदलून तयार होती. काखेत आण्णांचं गोणपाट. हमाल डोक्यावरून पाठीवर घेतात ना, ते. ट्रंकेत घडी घालून ठेवलं होतं. इतक्या वर्षांनी ती माझ्याबरोबर यार्डाच्या गेटातून आत आली. कुणी ओळखलं, कुणी नाही. गल्लीत पोती उतरत होती. ओट्यापाशी पोचल्यावर तिनं ते गोणपाट ओट्यावर ठेवलं, पदराच्या गाठीतले तांदूळ काढून शेजारी ठेवले, आणि हात जोडून उभी राहिली. मंत्र नाही, भटजी नाही. आण्णांच्या टोळीतले दोघे जण समोर ट्रक खाली करत होते. ते थांबले. एकानं टोपी काढली.

थोड्या वेळानं आईनं गोणपाट उचललं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं.

"इथवर मी आनलं," ती म्हणाली. "आता तू ने."

मी बी.एस्सी. झालेली बाई, भर बाजारात वडिलांचं गोणपाट खांद्यावर घेऊन चालत गेले. त्याला वजन असं नव्हतंच. तरी गल्लीच्या टोकापर्यंत माझा खांदा भरून आला. आई ज्या दारात उभी राहायची तिथं पोचलो. ती दाराकडं बघत राहिली, मग म्हणाली, "झालं. पोचले."

आणि तिथंच, पोत्याला टेकून बसून, ती रडली.

तिला चहा पाजून मी रिक्षात बसवलं. ड्रोन बरोबर होताच. शॉट घेतला. काही बदललं नव्हतं – तोच ड्रोन, तेच कार्ड, तीच सेटिंग्ज, माझाच हात. दुपारी इरफानचा फोन आला, "काय केलंस? एकदम लोणी झालंय. गेट टू पाटी, एक झटका नाही." शेठ खूश, काम संपलं.

इतके दिवस मी ज्यासाठी झगडत होते ते मिळालं होतं. इरफानच्या माळ्यावर बसून मी तो गुळगुळीत शॉट बघितला. ओटा आला, ओटा गेला. कॅमेरा थांबला नाही. तिथं ओट्यावर तांदळाचे दाणेसुद्धा दिसत होते, दोन चिमण्या ते टिपत होत्या. मी इरफानला सांगितलं, पुन्हा नको लावूस.

कारणं मी शोधली. वजनकाट्याचं लोखंड, शेडचे पत्रे, ड्रोनमधल्या होकायंत्राचा गोंधळ – सगळी शक्य आहेत, आणि त्यातल्या एकानंही हे सुटत नाही की इरफान उडवताना ते लोखंड कुठं जायचं. ड्रोन दुरुस्त करणाऱ्याला फाइल दाखवली. त्यानं निम्मी बघितली आणि कार्ड खराब आहे म्हणाला. मी वाद घातला नाही. 'ते आण्णा होते' असं मी आजही म्हणत नाही. आई म्हणते. ती आता ज्वारी यार्डातूनच आणते.

एक शेवटचं सांगते, मग थांबते. त्या गल्लीत मी अजून अधूनमधून जाते, परवानगी काढून, काम नसताना. मुद्दाम जुनं, स्लो कार्ड घालते. फुटेज अडखळतं, हवं तेवढं. घरी येऊन मी ते टीव्हीवर लावते आणि ओटा यायची वाट बघते. झटके असतात... पण ते नुसते कार्डाचे असतात. त्यांना चाल नसते.