अक्काला निरोप देताना

माझी अक्का, म्हणजे थोरली बहीण, लग्न होऊन नागपूरला गेली होती. उपचारासाठी ती भावोजींबरोबर बेंगळुरूला माझ्याकडे येऊन राहिली. पावसाळा संपता संपता डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या." त्याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला.

प्रश्न होता जे. पी. नगरच्या माझ्या घरून विमानतळापर्यंत तिला न्यायचं कसं. मी अ‍ॅम्ब्युलन्सची चौकशी करून ठेवली होती. भावोजी म्हणत होते, टॅक्सी बरी, पाय लांब करता येतील. अक्का पलंगावरून ऐकत होती.

"बसनं जाऊ," ती म्हणाली.

"अक्का, तुला बसवत तरी आहे का?"

"अ‍ॅम्ब्युलन्समधून बाहेरचं काही दिसत नाही रे. माझं गाव आहे हे. बघून जाऊ दे."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि तिची उशी पिशवीत भरली.

विमानतळाच्या बसला पायऱ्या उंच. आम्ही दोघांनी तिला जवळजवळ उचलूनच चढवलं. कंडक्टर "निधान अम्मा, निधान," असं कन्नडमध्ये सावकाश चढायला सांगत, ती टेकेपर्यंत बस थांबवून उभा राहिला. खिडकीशी बसल्यावर तिला धाप लागली होती, तरी ती बोलत होती. इथं आपलं थिएटर होतं, आता मॉल झालाय. या कोपऱ्यावर अप्पा मला सायकल शिकवताना स्वतःच पडले होते. ती हसली, आणि हसताना कळ आली तशी तिनं माझा हात घट्ट धरला.

हेब्बाळच्या अलीकडे वाहनं तुंबली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"उतरून टॅक्सी करूया का?" मी विचारलं.

"नको. सरी, ठीक आहे. बस स्वल्प थांबेल, मग जाईल."

पुलावरून तळं दिसलं. ती मान वळवून ते मागे पडेपर्यंत पाहत राहिली. मग भावोजींच्या खांद्यावर डोकं टेकून तिनं डोळे मिटले, ते विमानतळ येईपर्यंत उघडले नाहीत.

दारापुढे मला जाता येणार नव्हतं. व्हीलचेअरवरून तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. "जेवून घे वेळेवर," म्हणाली. एवढंच.

नागपुरात ती दिवाळीपर्यंतही राहिली नाही. मी पोचलो तेव्हा शेजारणी तिला हळदकुंकू लावत होत्या. भावोजी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "घरी आल्यापासून ती एकदाही रडली नाही."

आणि मग तेच रडू लागले.